मांगराकडची वाट

आमच्याकडची जुनी माणसं साल आकड्यात सांगत नसत. धाकटे चुलत आजोबा गेले ते मानमोडीत, पडवीवर कौलं चढली ती रामदास बोट बुडाली त्याच्या आदल्या उन्हाळ्यात, आणि पणजोबा मुंबई सोडून आले ते प्लेगाच्या पहिल्या वर्षी. पुढे मी शाळामास्तर झालो तेव्हा ही सालं पुस्तकातल्या सालांशी जुळवून पाहिली. प्लेग 1896, मानमोडी म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ 1918, रामदास 1947. आजीच्या हिशेबात कुठेच फट नव्हती.

मालवण तालुक्यात खाडीच्या काठाला आमची वाडी. आजीचा जन्म 1906च्या आसपासचा. मानमोडी आली तेव्हा ती नुकती सून म्हणून या घरात आली होती, म्हणजे त्या साथीच्या गोष्टी तिच्या स्वतःच्या. प्लेगाच्या गोष्टी तिच्या सासूच्या. रात्री कंदील बारीक करून ती सांगायची. आम्हा पोरांना भुताखेतांच्या गोष्टी हव्या असायच्या आणि ती सांगायची उंदरांच्या, बोटीच्या आणि पेजेच्या. त्या गोष्टींचं मोल मला कळलं ते सत्तरीला टेकल्यावर, 2020 साली.

त्या वर्षी होळी 9 मार्चला होती. त्याच दिवशी पुण्यात दुबईहून परतलेल्या जोडप्याला कोरोना झाल्याचं निदान झालं, राज्यातले ते पहिले रुग्ण. आमच्या मांडावर तेव्हा शिमग्याचं रोंबाट जोरात होतं. पुढच्या पंधरवड्यात सगळं फिरलं. 22 तारखेला जनता कर्फ्यू झाला आणि 25ला पाडव्याच्या सकाळी गुढ्या उभारल्या त्याच टाळेबंदीत.

निवृत्त माणसाचा दिवस ठरावीक खुंट्यांवर टांगलेला असतो. सकाळची एसटी येते तेव्हा तिठ्यावर जाऊन वर्तमानपत्र घ्यायचं, महिन्याच्या सुरुवातीला बँकेत पेन्शनसाठी रांग लावायची, गुरुवारी देवळात भजन. या सगळ्या खुंट्या एकाच आठवड्यात निखळल्या. माझ्या वयाच्या बऱ्याच जणांना सर्वांत जास्त घोर लागला तो गोळ्यांचा. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या वाडीत मिळत नाहीत. मग मोटारसायकल असलेल्या एका पोराने पोलिसांकडून पास काढला आणि आम्ही सगळ्यांनी आपापल्या रिकाम्या पट्ट्या त्याच्याकडे दिल्या. कागदावर नाव लिहिलं तर वाचताना घोळ होतो, पट्टी दाखवली की दुकानदार तीच देतो, ही युक्ती आमच्या शेजारच्या काकींची. त्या कधी शाळेत गेल्या नाहीत.

खाण्याची मात्र फारशी ओढाताण झाली नाही. उकडे तांदूळ घरचे, कुळीथ घरचे, सोलं आणि सुका बांगडा डब्यात. भाजीबाजार बंद झाल्यावर बायकांनी फणसाच्या कुवरीची भाजी, काजूगरांची उसळ, पेज आणि लोणचं यावर महिने काढले. आंबावाल्यांचं दुःख मोठं होतं. ऐन हंगामात वाशीच्या बाजाराची वाट अडली. काहींनी मुंबईतल्या सोसायट्यांत थेट पेट्या पोचवल्या आणि काहींचा आंबा झाडाखालीच राहिला.

खरा प्रश्न आला तो मुंबईकरांचा. एप्रिलच्या अखेरीला शेजारचे तात्या आमच्या खळ्याच्या कडेला उभे राहून म्हणाले, "गुरुजी, झिल येता हा मुंबयसून. खय ठेवचो?" आवाजात आनंद होता आणि भीतीही. माझाही मुलगा, सून आणि नात परळच्या एका खोलीत अडकली होती. त्यामुळे तात्यांचा प्रश्न माझाही होता. उत्तर मला विचार न करता सुचलं, कारण ते माझं नव्हतंच. मांगरात.

शेतात, बागेत गवत, अवजारं, गुरं ठेवायला बांधलेला तो मांगर. आजीच्या गोष्टींत तो सारखा यायचा. 1896च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला प्लेग असल्याचं डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ओळखलं आणि पुढच्या काही महिन्यांत आठ लाखांवर वस्तीच्या त्या शहरातून जवळजवळ निम्मी माणसं बाहेर पडली. गिरण्यांत, गोदीत राबणारी कितीतरी माणसं आमच्या तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातली, ती बोटीने घरी निघाली. 1897च्या फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला, त्यात बोटी आणि प्रवासी तपासायची मुभा सरकारला मिळाली. बंदरावर डॉक्टर काखेत, जांघेत गाठ आहे का ते चाचपून बघायचा आणि बायका शरमेने रडायच्या, हे आजीच्या सासूने सांगितलेलं. पणजोबा असे तपासून सुटले, तरी घरात आले नाहीत. वाडीच्या वरच्या अंगाला सड्याकडे आमचा मांगर होता, तिथे राहिले. पणजी रोज पेजेचं मडकं जांभ्याच्या एका धोंड्यावर ठेवायची आणि मागे सरून उभी राहायची. मग ते येऊन मडकं उचलायचे. दोघं तेवढ्या अंतरावरून बोलायची. भाताचं, गुरांचं, मुंबईत कोण गेलं त्याचं. आजी ही गोष्ट संपवताना सासूचं वाक्य तसंच्या तसं म्हणायची: "माणसाक लांब ठेव, पेजेक लांब ठेवू नको."

त्याच 1897 साली पुण्यात सोजिरांनी घरांत शिरून झडत्या घेतल्या, माणसं ओढून नेली आणि त्या संतापात 22 जूनला प्लेग अधिकारी रँडवर गोळी चालली. हे आम्ही शाळेत शिकवत आलो. पण त्याच रोगासाठी लोकांनी आपखुशीने घरं सोडली, माळावर झोपड्या घातल्या, त्याचा धडा पुस्तकात नव्हता. उंदीर मरून पडला की घर सोडायचं, हे खेड्यांना ठाऊक झालं होतं आणि घर सोडणं हा प्लेगावरचा चांगला उपाय असल्याचं पुढे सरकारी डॉक्टरांनीही मानलं. आजीला यात नवल वाटत नसे. तिचं माहेर आचऱ्याचं. तिथे दर काही वर्षांनी गावपळण होते. श्री देव रामेश्वराच्या आज्ञेने सगळा गाव गुरं, कोंबड्या, कुत्रीमांजरी घेऊन शिवेबाहेर जातो, तीन दिवस तीन रात्री झोपड्यांत राहतो आणि कौल मिळाला की परततो. ही प्रथा कशी पडली याबद्दल ज्याचं त्याचं मत वेगळं. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. घराला कडी घालून निघायचं, झापांखाली चूल मांडायची आणि शेजाऱ्याला हाकेच्या टप्प्यात ठेवायचं, याचा सराव त्या माणसांच्या हातापायांत होता.

मे महिन्यात पास मिळाल्यावर माझी मंडळी आली. तिघं मांगरात राहिली. आम्ही गवत काढून, शेणाने सारवून, विजेची वायर ओढून तयारी ठेवली होती. बायको सकाळी पेज आणि संध्याकाळी जेवण त्याच वाटेने न्यायची. नात लांबून हात करायची. सड्यावर रेंज बरी मिळते, म्हणून जूनमध्ये तिची ऑनलाइन शाळाही तिथेच सुरू झाली. विलगीकरणाची मुदत संपल्यावरही ती पाटी-पुस्तक घेऊन मांगरातच जायची आणि तिच्या मागून वाडीतली इतर पोरं.

त्या पावसाळ्यात आणखी एक गोष्ट घडली. वर्षानुवर्षं पडीक राहिलेल्या मळ्यांत मुंबईकर पोरांनी तरवा लावला. बांधावर बसून त्यांना सांगायला म्हातारे होतेच. ज्यांना कोणी विचारत नव्हतं त्या माणसांना रोज सकाळी कोणीतरी हाक मारून बोलवत होतं, कुठलं बी कुठल्या कोपऱ्यात, पाणी कुठून काढायचं. तात्या त्या चार महिन्यांत जेवढं बोलले तेवढं मी त्यांना आधी कधी ऐकलं नव्हतं.

भात लोंब्यांवर आलेलं पाहताना मला मानमोडी आठवायची. 1918च्या जूनमध्ये मुंबईत तो ताप शिरला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या दुसऱ्या लाटेत खेड्यापाड्यांत पसरला. देशात सव्वा कोटीच्या आसपास ते पावणेदोन कोटींहून अधिक माणसं दगावली, असे अंदाज आहेत. 1911 ते 1921 या दशकात भारताची लोकसंख्या वाढायची ती घटली. तो ताप तरण्याताठ्यांना जास्त नेत होता. आजी सांगायची, भात पिकून लवलेलं आणि कापायला उभं राहणारं कोणी नाही. ज्या घरात चूल पेटत नव्हती तिथे दुसऱ्या घरची म्हातारी दाराशी पेज ठेवून यायची. पोरं आणि म्हातारी एवढीच माणसं चालतीफिरती होती. शंभर वर्षांनी आलेला रोग उलटा निघाला, त्याने म्हाताऱ्यांना धरलं. आमच्यासारख्यांना जपायला पोरांनी लांब राहायचं, हे आजीला सांगितलं असतं तर तिला समजायला वेळ लागला असता.

पण कोणीतरी जवळ जावंच लागतं. सावित्रीबाई फुले प्लेगाच्या रुग्णांची सेवा करताना त्याच रोगाने 10 मार्च 1897 रोजी गेल्या. आमच्याकडे दारोदार जाऊन ताप मोजणारी, बोटाला ऑक्सिमीटर लावणारी आशाताई रोज खाडीपलीकडून यायची. तिला काही घरांनी पाणीसुद्धा लांबूनच दिलं. हे मी पाहिलं आहे आणि अजून खुपतं.

आजीने एक गोष्ट एकदाच सांगितली होती, तांदूळ निवडता निवडता. प्लेगाच्या वर्षी वाडीतली एक सून मुंबईहून कडेवर पोर घेऊन आली. नवरा चाळीतच गेला होता. तिला मांगरात ठेवलं, पेज पोचवली, पण दिवस भरल्यावर तिला आत घेण्याचं कोणाला धाडस झालं नाही. दीर म्हणाला, अजून थांब. ती थांबली आणि मग एका पहाटे बंदराकडे चालती झाली. आजीने पुढचं काही सांगितलं नाही. 2020 साली शाळेच्या विलगीकरणात राहिलेलं एक कुटुंब असंच परत गेलं. गावात त्यांच्या हिश्शाच्या घराला कुलूप होतं, भावकीचा तंटा जुना, आणि दिवस भरल्यावरही कोणी किल्ली काढली नाही.

दुसरी लाट फार वाईट आली. 2021च्या मार्चपासून साठीच्या पुढच्यांना लस मिळू लागली होती, आम्ही प्राथमिक आरोग्य केंद्रात टोकन घेऊन बसलो होतो. तरी एप्रिल-मे महिन्यात आमच्या वाडीतली माणसं गेली. तात्या गेले. 16 मेला तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं, खांब पडले, वीज गेली आणि मोबाइल बंद झाले. कोण आजारी, कोण बरं, हे कळायला पुन्हा हाकच उरली.

त्याच सुमारास नवरा कोरोनाने गेलेली एक बाई मुलीला घेऊन माहेरी आली. भावांचं मन होईना. देवळाच्या आवारात बैठक बसली. मी आजीची ती दुसरी गोष्ट सांगितली, बंदराकडे गेलेल्या सुनेची. काहींना ती आवडली नाही. जुनं कशाला उकरता, असं एकजण तोंडावर बोलला. तेव्हा पलीकडच्या काकी, रिकाम्या पट्ट्यांची युक्ती काढणाऱ्या, ऐंशीच्या घरातल्या, लशीचे दोन्ही डोस झालेल्या, म्हणाल्या, "माझ्या पडवीत रवांदे तिका."

कोणीतरी विचारलं, किती दिवस?

"तिका होये तितके."

ती अजून तिथेच आहे. भाऊ आता येतात-जातात. तिची मुलगी आमच्याच शाळेत जाऊ लागली आणि पट कमी म्हणून जिची चिंता होती त्या शाळेत एक नाव वाढलं. काकींच्या गोळ्या आता तीच आणून देते.