मराठी यादवीतील सैनिक : छावणी व कुटुंब

अठराव्या शतकाच्या अखेरीस मराठी सत्तेत माजलेल्या यादवीच्या काळात सामान्य सैनिकाचे घर आणि त्याची छावणी या दोन वेगळ्या गोष्टी राहिल्या नव्हत्या. या यादवीची अखेरची परिणती वऱ्हाडात दिसून आली. बुलढाणा जिल्ह्यातील सोनाळा (ता. संग्रामपूर) हे गाव सातपुड्याच्या पायथ्यालगतच्या पट्ट्यात असून त्याच्या पूर्वेस, आजच्या अकोला जिल्ह्यात, अडगाव आहे. तेथे २९ नोव्हेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या संयुक्त सैन्याचा इंग्रजांनी पराभव केला. आपापसांतील कलहाने खिळखिळी झालेली लष्करी व्यवस्था या प्रदेशात उघडी पडली.

यादवीचे स्वरूप : या संघर्षाचे मूळ घराण्यांच्या अंतर्गत वादांत होते. महादजी शिंदे १७९४ मध्ये निवर्तल्यावर त्यांच्या विधवांचा दत्तक वारस दौलतराव यांच्याशी नेमणुकीवरून वाद झाला आणि १७९८ मध्ये त्याला उघड बंडाचे रूप आले. इतिहासात तो ‘बायांचे बंड’ म्हणून ओळखला जातो. १७९७ मध्ये तुकोजी होळकर वारल्यावर काशीराव व मल्हारराव या बंधूंत वारसाचा तंटा लागला. शिंद्यांनी पुण्यात मल्हाररावांवर छापा घालून त्यांना ठार केले. १८०१ मध्ये विठोजी होळकरांना पुण्यात हत्तीच्या पायी देण्यात आले. त्यांचे बंधू यशवंतराव यांनी २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, हडपसरजवळ शिंदे व पेशवे यांच्या फौजांचा पराभव केला. त्यानंतर दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ रोजी इंग्रजांशी वसईचा तह केला.

छावणीची रचना : मराठी लष्करी परिभाषेत छावणी म्हणजे मुख्यतः पावसाळ्यातील मुक्काम. शिवकालात दसऱ्यास फौज मुलूखगिरीवर निघे व आठ महिन्यांनी परते. सैन्याबरोबर बायका, बटकी वा कलावंतिणी नेण्यास सक्त मनाई होती, असे सभासद बखरीवरून दिसते. त्यामुळे सैनिकाला घर, शेत व वतन यांच्याशी असलेला संबंध दरवर्षी नव्याने जोडता येई. उत्तर पेशवाईत मोहिमा वर्षानुवर्षे लांबल्या आणि ही शिस्त मावळली. कुटुंबे, वाणी, कारागीर व बाजारबुणगे लष्कराबरोबर फिरू लागले. दौलतराव शिंद्यांच्या लष्करात १८०९ साली राहिलेल्या टॉमस ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याने अशा छावणीचे तपशीलवार वर्णन केले आहे. बिनीवाला पुढे जाऊन निशाण रोवी, त्यावरून सरदाराच्या डेऱ्याची जागा ठरे व बाजाराच्या रांगा आखल्या जात. सामान्य शिपाई जाड्याभरड्या कापडाच्या पालात किंवा गवताच्या खोपीत राही. धान्याचा पुरवठा मुख्यतः वंजाऱ्यांच्या तांड्यांवर अवलंबून असे.

वेतन व निष्ठा : शिलेदार स्वतःचे घोडे घेऊन चाकरीस येई, घोडे पडले म्हणजे त्याच्या घरची पुंजीच बुडे. बारगिराला घोडे सरकारातून मिळे. डी बॉयनने उभारलेल्या कवायती पलटणींत उत्तर हिंदुस्थानातील शिपायांचा भरणा मोठा होता व त्यांना रोख वेतनाची अपेक्षा असे. यादवीत खजिना रिता झाल्यावर वेतने थकली. मग शिपाई सरदाराच्या डेऱ्यापुढे धरणे धरीत किंवा सावकाराचे कर्ज काढीत. चाकरी सोडावी, तर थकबाकी बुडण्याचे भय असे. म्हणून अनेकांची निष्ठा पक्षापेक्षा थकलेल्या वेतनाशीच बांधलेली होती.

कौटुंबिक संबंध : सरदार घराण्यांचा पत्रव्यवहार जासुदांमार्फत चाले व त्यातील बराचसा उपलब्ध आहे. सामान्य शिपायाचे कुटुंब मात्र कागदपत्रांत बहुधा त्याच्या मृत्यूनंतरच दिसते. लढाईत पडलेल्याच्या मुलाबाळांना ‘बालपरवेशी’ म्हणून नेमणूक किंवा जमीन देण्याची प्रथा होती. तथापि धन्याचीच सत्ता डळमळीत झाली म्हणजे या आश्वासनाला अर्थ उरत नसे. ब्रॉटनने नोंदविलेली एक हकीकत या दृष्टीने बोलकी आहे. कर्जापायी भोपाळ येथे कैदेत पडलेल्या भावाच्या सुटकेसाठी पैसा जमवावा म्हणून एक तरुणी पुरुषवेशात, जोरावरसिंग या नावाने, शिंद्यांच्या पलटणीत शिपाईगिरी करीत होती. ती स्त्री असल्याचे उघडकीस आल्यावर बायजाबाई शिंदे यांनी तिला आपल्या पदरी ठेवण्याची तयारी दाखविली. ज्या काळात सत्ताधारी घराण्यांत भाऊ भावाच्या जिवावर उठले, त्याच काळात एक बहीण भावासाठी बंदूक खांद्यावर घेऊन छावणीत राहिली.

परिणाम : अडगावच्या लढाईत भोसल्यांच्या पायदळाचे नेतृत्व दुसऱ्या रघूजींचे बंधू व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू यांच्याकडे होते. होळकर या युद्धापासून अलिप्त राहिले. पराभूत सैन्याचा पाठलाग चांदण्या रात्रीपर्यंत चालला आणि ३८ तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या. १५ डिसेंबरला गाविलगड पडला, १७ डिसेंबरला देवगावचा व ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावचा तह झाला. लष्करांच्या वावराने उजाड झालेल्या वऱ्हाडात १८०३-०४ मध्ये तीव्र दुष्काळ पडला. तहनाम्यांत राजांच्या सीमा, किल्ले व महसूल यांची कलमे तपशिलाने आली. पालांतून वर्षानुवर्षे फिरलेल्या शिपायांच्या कुटुंबांना मात्र त्यांत स्थान नव्हते. यादवीची किंमत त्यांनीच सर्वाधिक मोजली होती.