संयुक्त हल्ला : ‘म्युटंट्स अँड मास्टरमाइंड्स’मधील नियम

‘म्युटंट्स अँड मास्टरमाइंड्स’ या सुपरहिरोंच्या टेबलावरच्या भूमिकाखेळात दोन किंवा अधिक नायकांनी एकाच वेळी एकाच शत्रूवर मिळून केलेला वार म्हणजे संयुक्त हल्ला. नियमपुस्तकात त्याला ‘टीम अटॅक’ म्हणतात. स्टीव्ह केन्सन यांनी रचलेला हा खेळ अमेरिकेतील ग्रीन रोनिन कंपनीने २००२ मध्ये बाजारात आणला. या नोंदीतले नियम २०११ च्या तिसऱ्या आवृत्तीतले आहेत.

खेळाडूंच्या डोक्यात असतात ती कॉमिक्समधली चित्रे. १९७६ साली ‘एक्स-मेन’च्या १००व्या अंकात कोलॉससने वुल्व्हरिनला उचलून शत्रूवर भिरकावले आणि ‘फास्टबॉल स्पेशल’ हा डाव गाजला. नियम मात्र त्याहून बराच काटेकोर आहे.

सगळे हल्लेखोर सर्वांत संथ साथीदाराच्या पाळीपर्यंत थांबतात. मग प्रत्येक जण आपला २० बाजूंचा फासा टाकतो. सर्व हल्ल्यांचा परिणाम एकच हवा, शत्रूने तो एकाच बचावाने झेलायला हवा आणि त्यांच्या रँकमध्ये (ताकदीच्या आकड्यांत) पाचाहून जास्त अंतर नको. फासा न टाकता आपोआप लागू होणाऱ्या शक्ती यात चालत नाहीत.

बहुतेक वाद ‘परिणाम’ या शब्दापाशी होतात. आग आणि बर्फ एकत्र कसे चालतील, असे कोणीतरी विचारतेच. खेळाच्या हिशेबी आग, बर्फ, बाण ही नुसती वर्णने. खालचा परिणाम तिन्हींचा एकच, ‘डॅमेज’, आणि तो अडवायचा ‘टफनेस’ने. त्यामुळे ती जोडी बिनधास्त जमते. आग आणि गुंगी आणणारा वायू ही जोडी मात्र जमत नाही, कारण गुंगी हा निराळा परिणाम आहे.

एक चकमक पाहू. पॉवर लेव्हल १० चे तीन नायक : दगडी देहाची नायिका (नेम ८, डॅमेज १२), ज्वालाधारी (१० आणि १०) आणि धनुर्धर (१२ आणि ८). समोर लेव्हल १४ चा खलनायक. बचाव ८, टफनेस २०. त्याला लागण्यासाठी फासा आणि नेम यांची बेरीज १८ (बचाव अधिक १०) हवी. फाशांवर अनुक्रमे ११, ९ आणि १२ पडले. बेरजा झाल्या १९, १९ आणि २४. तिघांचेही वार लागले. त्यांतला सर्वाधिक रँकचा, म्हणजे नायिकेचा १२ चा, वार मुख्य धरायचा. इतरांच्या यशाच्या पायऱ्या मोजायच्या (वार लागला की एक, पुढच्या दर पाच गुणांना आणखी एक) : ज्वालाधारीची एक, सहाने पुढे गेलेल्या धनुर्धराच्या दोन. एकूण एक पायरी असती तर मुख्य वाराला २ ची भर मिळाली असती. तीन किंवा जास्त असल्याने ५ ची मिळते. रँक झाला १७. डॅमेजमध्ये १५ मिळवून खलनायकाने फासा आणि टफनेस मिळून गाठायचा लक्ष्यांक काढतात, तो इथे ३२.

तीन रँकची बेरीज करून ३० चा वार काढायचा मोह नवख्यांना हमखास होतो. तसे असते तर कोणताही खलनायक पहिल्याच फेरीत आडवा झाला असता.

पण हा डाव नेहमी फायद्याचा आहे का? नाही. वेगवेगळे वार केले असते तर खलनायकाला २७, २५ आणि २३ हे तीन लक्ष्यांक गाठावे लागले असते आणि प्रत्येक अपयशागणिक पुढच्या प्रतिकारातून एक गुण वजा झाला असता. मध्यम टफनेसच्या शत्रूला असे पोखरून काढणेच बरे. टफनेस २० वाल्याची गोष्ट वेगळी. नायिकेच्या एकट्या वाराने त्याला सहाच्या फरकाने चुकायला लावायचे, म्हणजेच गांगरवायचे, तर त्याच्या फाशावर १ च पडावा लागतो. संयुक्त वारात ६ किंवा त्याहून कमी काहीही पुरते, आणि तो गांगरून पुढच्या पाळीतली एक कृती गमावतो.

‘लिंक्ड’ हा प्रकार याच्याशी गल्लत करण्याजोगा, पण पूर्ण वेगळा. त्यात एकाच पात्राच्या दोन भिन्न शक्ती एका नेमाने सुटतात, उदाहरणार्थ जखम करणारा आणि डोळे दिपवणारा झोत. प्रत्येक शक्तीचा प्रतिकार स्वतंत्र होतो. एकीचा रँक दुसरीत मिसळत नाही.

हिरो गेम्सच्या, १९८१ मध्ये प्रथम निघालेल्या ‘चॅम्पियन्स’ या सुपरहिरो-खेळाची वाट आणखी निराळी. त्याच्या नंतरच्या आवृत्त्यांत साथीदारांना आधी ‘टीमवर्क’ हे कौशल्य साधावे लागते. शत्रूचे कवच प्रत्येक वारातून वेगवेगळे वजा होते, आणि उरलेल्या ‘स्टन’ (सुन्न करणाऱ्या) गुणांची बेरीज फक्त तो सुन्न झाला की नाही हे ठरवण्यापुरतीच धरतात.