पेशव्यांची सनद हेगच्या न्यायासनापुढे

दादरा व नगर हवेली १९५४ साली स्वयंसेवकांनी मुक्त केली, ही हकीकत आपणां सर्वांस ठाऊक आहे. सुधीर फडकेही त्यांत होते. तिच्यामागून हेगला जो खटला उभा राहिला, त्याची दखल मात्र आपण फारशी घेतली नाही.

पोर्तुगालची घाई पाहा. १९ डिसेंबर १९५५ रोजी त्याने आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा अधिकार मान्य केला आणि २२ तारखेस भारतावर फिर्याद गुदरली. तक्रार अशी की, दमणहून या मुलखाकडे जाण्याची आपली हक्काची वाट भारताने अडविली. आधार कशाचा? मराठ्यांशी १७७९ साली झालेल्या तहाचा आणि १७८३ व १७८५ च्या सनदांचा.

सरंजाम म्हणजे काय, हे मराठी माणसास सांगावयास नको. पण हेगला त्याचाच खल झाला. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने म्हटले, मराठ्यांनी दिला तो सालीना १२,००० रुपयांचा महसूल, सार्वभौमत्व नव्हे. अशा सनदेने मुलूखच तोडून दिल्याचा एकही दाखला पुढे आला नव्हता.

इथेच थांबते तर बरे होते! परंतु पेशव्यांनी जे दिले नाही, ते इंग्रजांनी, आणि पुढे भारतानेही, न बोलता मान्य केले असे न्यायालयाने धरले. म्हणून खाजगी माणसे, मुलकी अधिकारी व माल यांना वाट होती; सैन्य, सशस्त्र पोलीस व दारूगोळा यांना नव्हती, आणि हे दुसरे कलम अवघ्या आठ विरुद्ध सात मतांनी ठरले. १९५४ मध्ये भारताने वाट अडविली, त्यात मात्र कर्तव्यभंग झाला नाही, असे नऊ विरुद्ध सहा मतांनी ठरले.