गादीवर न बसलेला वजीर

आमच्या बीडकडे एखादे पोर फारच काळे असले की त्याला 'हबशी' म्हणून चिडवत. शाळेत मला हेच नाव पडले होते. एकदा रडत घरी आलो, तेव्हा वडील म्हणाले, "अरे, हबशी तर मलिक अंबर होता!" मलिक अंबर कोण, हे त्यांनाही धड सांगता आले नाही. बी.ए.ला इतिहास घेतला तेव्हा तो भेटला, तोही परीक्षेपुरता.

हबशाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात, १५४८च्या सुमारास जन्मलेला हा चापू नावाचा मुलगा गुलाम म्हणून एका बाजारातून दुसऱ्या बाजारात विकला गेला. बगदादच्या मीर कासीमने त्याला लिहायला-वाचायला शिकवले आणि अंबर हे नाव दिले. पुढे तो दख्खनमध्ये आला. त्याला विकत घेणारा चंगेजखान हा निजामशाहीचा पेशवा, आणि गंमत अशी की तोही मूळचा गुलाम हबशीच. दरबार कसा चालतो, हिशेब कसे बघतात, हे अंबर त्याच्याच हाताखाली शिकला. धनी वारल्यावर मोकळा झालेला अंबर विजापूरकडे चाकरीला गेला आणि काही वर्षांनी थोडे घोडेस्वार घेऊन परतला.

१६००मध्ये चांदबीबी मारली गेली, अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडला. राज्य बुडाले असेच सगळ्यांना वाटले. अंबरने निजामशाही घराण्यातला एक वारस शोधून परांड्याला गादीवर बसवला, आपली मुलगी त्याला दिली आणि कारभार स्वतः हाती घेतला. स्वतः मात्र गादीवर कधी बसला नाही.

मानपान मात्र सहज मिळाला नाही. पीटर व्हॅन डेन ब्रूक नावाचा डच व्यापारी त्याला भेटला होता. सुलतानाच्या इराणी बेगमेने अंबरच्या मुलीला गुलामाची पोर म्हणून हिणवले, अंबरलाही नावे ठेवली. पुढे सुलतान आणि ती बेगम दोघांनाही विष दिले गेले, असे तो लिहून ठेवतो. मला हे वाचून अंगावर काटा आला. अंबर साधुसंत नव्हता. पण चिडवण्याची आग काय असते, ते मला ठाऊक आहे.

त्याच्या लढाईच्या गोष्टी पुष्कळ सांगता येतील. १६२४ची भातवडीची लढाई आमच्या आष्टीच्या शिवेपासून फार लांब झाली नाही. त्याने तलावाचे पाणी सोडून मोगल आणि आदिलशाहीच्या छावणीत चिखल केला. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने होते, आणि त्यांचे बंधू शरीफजी कामी आले. शिवरायांच्या पदरी असलेल्या कवींद्र परमानंदाने 'शिवभारता'त अंबरचे वर्णन आदराने केले आहे, हे आपण विसरतो. जहांगीर त्याचा नुसता राग राग करी. अंबरचे शीर भाल्यावर खोचलेले आहे आणि बादशहा त्यावर बाण सोडतो आहे, असे चित्र त्याने काढून घेतले. खरा अंबर त्याच्या हाती कधी लागला नाही!

पण मला जास्त मोह त्याच्या महसुलाचा आणि पाण्याचा. वसुलीचे मक्ते त्याने बंद केले, जमिनी मोजवल्या, पिकाच्या अंदाजाने धारा ठरवला आणि वसुलीची जबाबदारी गावावर, पाटलावर टाकली. मक्तेदाराला फक्त यंदाचा पैसा दिसतो. गावाला पुढच्या वर्षीही पेरायचे असते. पुढे शिवकाळातही या पद्धतीची वाट धरली गेली.

१६१०मध्ये त्याने खडकी वसवली, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, आणि जमिनीखालून नळांनी पाणी आणले. 'नहर-ए-अंबरी' ती हीच. आमच्या बीडची खजाना विहीरही निजामशाहीतलीच, तिचेही पाणी भुयारी पाटांनी जाते. दुष्काळी मुलखात राज्य करायचे तर आधी पाणी लागते, हे या लोकांना कळत होते.

१६२६मध्ये, ऐंशीच्या घरात, अंबर वारला. सातच वर्षांत त्याच्या मुलाने, फत्तेखानाने, दौलताबाद मोगलांना दिले. अंबरची कबर खुलताबादला आहे. मी आमच्या नातवाला घेऊन गेलो होतो. पोरगा रंगाने माझ्यावरच गेला आहे. घुमटाकडे बघत त्याने विचारले, "नाना, हा राजा होता का?" मी म्हणालो, "नाही रे, राजाला सांभाळणारा होता." मग त्याला तहान लागली, आणि आम्ही पाणी शोधायला निघालो.