कार्टिंग : शर्यतपटूची पहिली इयत्ता

फ्रान्समधील एसे या छोट्याशा गावातील ट्रॅकवर २०१४ साली कार्टिंगच्या ‘केएफ’ गटाची जागतिक स्पर्धा झाली. अंतिम शर्यत संपल्यावर विजेत्यांच्या चौथऱ्यावर तीन मुले उभी राहिली. पहिला होता ब्रिटनचा लँडो नॉरिस, वय वर्षे १४. दुसरा रशियाचा निकिता मझेपिन आणि तिसरा मुंबईचा जेहान दारूवाला. हे दोघेही १५ वर्षांचे होते. नॉरिस २०१९ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये दाखल झाला आणि २०२५ मध्ये विश्वविजेता ठरला. मझेपिनला २०२१ चा एक हंगाम फॉर्म्युला वनमध्ये मिळाला. जेहान मात्र त्या दरवाजाच्या अगदी जवळ जाऊनही आत पोहोचला नाही.

एकाच चौथऱ्यावरून निघालेल्या या तीन वाटा इतक्या वेगळ्या का झाल्या, याचे उत्तर केवळ गुणवत्तेत सापडत नाही. ते शोधायचे तर मोटर शर्यतींची पहिली इयत्ता असलेले ज्युनियर कार्टिंग समजून घ्यावे लागते.

कार्ट म्हणजे नेमके काय?

मॉलमध्ये किंवा महामार्गालगतच्या करमणूक केंद्रात दहा मिनिटांसाठी भाड्याने मिळणारी ‘गो-कार्ट’ आणि स्पर्धेतील कार्ट यांत तांगा आणि शर्यतीचा घोडा यांच्याइतके अंतर आहे. स्पर्धेतील कार्ट म्हणजे पोलादी नळ्यांचा सांगाडा, चार छोटी चाके, एक आसन आणि आसनाच्या बाजूला बसवलेले इंजिन. तिला छप्पर नसते, दरवाजे नसतात आणि सीटबेल्टही नसतो. कार्ट उलटल्यास चालक तिच्याखाली अडकण्यापेक्षा बाहेर फेकला जाणे कमी धोक्याचे, असा त्यामागचा विचार आहे.

कार्टला स्प्रिंग किंवा शॉक अॅब्सॉर्बर नसतात. सांगाडाच थोडा वाकतो व पिळला जातो आणि तेच काम करतो. मागची दोन्ही चाके एकाच अखंड दांड्यावर बसवलेली असल्याने ती सारख्याच गतीने फिरतात. मोटारीत वळणावर आतले चाक हळू आणि बाहेरचे जलद फिरण्याची सोय असते, ती येथे नाही. त्यामुळे कार्ट वळवायची असेल तर आतले मागचे चाक क्षणभर जमिनीवरून किंचित उचलले जावे लागते. स्टीअरिंग किती आणि केव्हा फिरवायचे, शरीराचा भार कोठे ठेवायचा, यावर ते अवलंबून असते. बहुतेक ज्युनियर गटांत ब्रेकही फक्त मागच्या चाकांना असतात. वळणात शिरल्यावर ते जोरात लावले की कार्ट गर्रकन फिरते. म्हणून सरळ रेषेत, डाव्या पायाने आणि मोजून ब्रेक लावण्याची सवय मुलांना पहिल्या दिवसापासून लावली जाते.

ज्युनियर गटातील १२५ सीसी टू-स्ट्रोक इंजिनाची कार्ट ताशी १०० किलोमीटरचा वेग सहज ओलांडते. चालक जमिनीपासून काही इंचांवर बसलेला असल्याने तो वेग त्याला प्रत्यक्षाहून अधिक जाणवतो. स्टीअरिंगला पॉवरची जोड नसते. दहा-पंधरा मिनिटांच्या शर्यतीनंतर मनगटे भरून येतात, मान आखडते आणि आसनाच्या कडांवर आदळून बरगड्या दुखावतात. हेल्मेट, हातमोजे व जाड सूट यांच्याबरोबरच बरगड्यांचे संरक्षण करणारे कडक जाकीट मुले घालतात ते याचमुळे.

गवत कापण्याच्या यंत्रापासून

या खेळाचा जन्म १९५६ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्नियात झाला. शर्यतीच्या मोटारी बांधणाऱ्या आर्ट इंगेल्स या कारागिराने गवत कापण्याच्या यंत्राचे इंजिन नळ्यांच्या सांगाड्यावर बसवून पहिली कार्ट तयार केली. काही वर्षांतच ही हौस युरोपात पोहोचली. १९६२ मध्ये कार्टिंगसाठी आंतरराष्ट्रीय आयोग स्थापन झाला आणि १९६४ मध्ये पहिली जागतिक स्पर्धा भरली.

त्यानंतर कार्टिंगला मोटर शर्यतींच्या शाळेचे स्वरूप आले. ब्राझीलच्या आयर्टन सेनाने वयाच्या तेराव्या वर्षी कार्ट शर्यतींत भाग घेण्यास सुरुवात केली. १९७९ आणि १९८० अशी लागोपाठ दोन वर्षे तो जागतिक कार्टिंग स्पर्धेत दुसरा आला. फॉर्म्युला वनचे विश्वविजेतेपद तीनदा मिळवणाऱ्या सेनाला कार्टिंगचे हे विजेतेपद मात्र कधीच मिळाले नाही. मायकेल शूमाकर जर्मनीतील केर्पेन येथील कार्ट ट्रॅकवर लहानाचा मोठा झाला. त्या ट्रॅकची देखभाल त्याचे वडीलच करीत.

इयत्ता आणि परीक्षा

साधारण आठव्या वर्षापासून मुलांना स्पर्धात्मक कार्टिंगमध्ये प्रवेश मिळतो. आठ ते बारा या वयासाठी कमी ताकदीच्या इंजिनांचे ‘मायक्रो’ व ‘मिनी’ गट, बारा ते पंधरा या वयासाठी ‘ज्युनियर’ आणि त्यापुढे ‘सीनियर’ अशी ढोबळ विभागणी आहे. स्पर्धेनुसार वयाची मर्यादा थोडीफार बदलते. मुली आणि मुलगे एकाच शर्यतीत उतरतात, हे या खेळाचे आणखी एक वैशिष्ट्य.

भारतात अनेक वर्षे राष्ट्रीय स्पर्धा रोटॅक्स या ऑस्ट्रियन कंपनीच्या इंजिनांवर झाल्या. या पद्धतीत इंजिने मोहोरबंद असतात. घरी नेऊन त्यांत फेरफार करण्यास मनाई असते. रोटॅक्सच्या जागतिक अंतिम स्पर्धेत तर सर्वांना आयोजकच कार्ट देतात आणि इंजिने सोडतीने वाटली जातात. यंत्रातील फरक कमी करून चालकाचे कौशल्य समोर आणणे हा त्यामागील हेतू.

शर्यतीचा दिवस लांबलचक असतो. सकाळी सराव आणि मग वेळेची पात्रता फेरी होते. त्यानंतर गटवार ‘हीट’ शर्यती, उपान्त्य आणि शेवटी अंतिम शर्यत. मधल्या वेळात टायरमधील हवेचा दाब मोजणे, साखळी तपासणे, मागच्या चाकांमधील अंतर काही मिलिमीटरने कमी-जास्त करणे ही कामे चालू असतात. यातले बहुतेक निर्णय मेकॅनिक घेतो, पण ते तो मुलाच्या सांगण्यावरून घेतो. कार्टचा पुढचा भाग घसरतो की मागचा, वळणाच्या सुरुवातीला की बाहेर पडताना, हे अकरा-बारा वर्षांच्या मुलाला शब्दांत सांगता यावे लागते. नुसता वेगवान असलेला मुलगा आणि पुढे जाणारा मुलगा यांत येथे पहिला फरक पडतो.

दुसरा फरक पडतो पावसात. कोरड्या ट्रॅकवर वेगवान मानली जाणारी वाट टायरच्या रबराने माखलेली असते आणि पाऊस पडताच तीच वाट सर्वांत निसरडी होते. मग वळणाच्या बाहेरच्या कडेने, जेथे एरवी कोणी फिरकत नाही तेथे, पकड शोधावी लागते. शिकलेले क्षणात विसरून नवे शोधण्याची ही परीक्षा असते.

शर्यत संपली तरी मुलाची सुटका होत नाही. चालकासह कार्टचे वजन केले जाते. ते किमान मर्यादेपेक्षा कमी भरले तर निकाल रद्द होतो. म्हणून हलक्या मुलांच्या आसनाला शिशाचे तुकडे बसवतात. उलट झपाट्याने वाढणाऱ्या मुलाचे अतिरिक्त वजन कमी करता येत नाही. एका उन्हाळी सुटीत उंची चार इंचांनी वाढली म्हणून मागे पडणे, हा अनुभवही या खेळात नवा नाही. पुढच्याला धडक दिल्याने कार्टचा पुढील बंपर जागेवरून सरकला, तर आंतरराष्ट्रीय स्पर्धांत काही सेकंदांची शिक्षा होते आणि जिंकलेली शर्यत कागदावर हरता येते.

बाप, मुलगा आणि पैसा

कार्टिंगच्या इतिहासात बहुतेक मोठ्या नावांमागे बाप उभा दिसतो. लुईस हॅमिल्टनने १९९३ मध्ये, आठव्या वर्षी, शर्यतींना सुरुवात केली. त्याचे वडील अँथनी यांनी मुलाच्या कार्टिंगसाठी एकाच वेळी अनेक कामे केली. इतरांत वेगवान मुलगा कोठे ब्रेक लावतो हे पाहून ते ट्रॅकच्या कडेला त्याच्याही थोडे पुढे उभे राहत आणि लुईसने तेथेच ब्रेक लावावा असा आग्रह धरीत. उशिरा ब्रेक लावण्याची हॅमिल्टनची ख्याती त्या शिकवणीतून आली. १९९५ मध्ये त्याने ब्रिटनचे कॅडेट विजेतेपद मिळवले आणि १९९८ मध्ये मॅक्लारेन संघाने त्याला पंखाखाली घेतले. हा आधार नसता तर पुढचा इतिहास कसा घडला असता, सांगता येत नाही.

या नात्याची दुसरी बाजूही आहे. २०१२ मध्ये इटलीतील सार्नो येथे मॅक्स वेर्स्टापेनने घाईने मागे टाकण्याच्या प्रयत्नात टक्कर ओढवून घेतली आणि हातातली शर्यत गमावली. परतीच्या वाटेवर संतापलेल्या वडिलांनी त्याला पेट्रोल पंपावर उतरवून दिले होते. वेर्स्टापेन पितापुत्रांनी ही हकिगत नंतर उघडपणे सांगितली आहे. पुढच्याच वर्षी मॅक्स जागतिक विजेता झाला हे खरे. पण अशी वागणूक मिळालेली सगळीच मुले विजेती होत नाहीत आणि न झालेल्यांच्या मुलाखती कोणी घेत नाही. ट्रॅकवर हरलेल्या मुलाशी पहिल्या पाच मिनिटांत काय बोलायचे, हे पालकांना शिकावेच लागते.

पैशाचा प्रश्न याहून कठीण. मर्सिडीज संघाचे प्रमुख टोटो वोल्फ यांनी कार्टिंगपासून फॉर्म्युला वनपर्यंतचा खर्च ७० ते ८० लाख युरोंच्या घरात असल्याचे सांगितले होते. यात एकट्या कार्टिंगचा वाटा सुमारे १० लाख युरोंचा. स्थानिक पातळीवर खर्च अर्थातच पुष्कळ कमी असतो. तरी सांगाडा, इंजिन, टायर, मेकॅनिक, प्रवास आणि प्रवेशशुल्क हे सारे मध्यमवर्गीय घराला जड जाते. टायर तर प्रत्येक स्पर्धेत नवे लागतात.

मुंबईचा मुलगा

१ ऑक्टोबर १९९८ रोजी मुंबईत जन्मलेल्या जेहान दारूवालाने बारा-तेरा वर्षांचा असताना गंभीरपणे कार्टिंग सुरू केले. रयोमंद बानाजी या मुंबईच्याच अनुभवी शर्यतपटूकडे त्याने धडे घेतले. युरोपातील त्याचे भावी प्रतिस्पर्धी तोवर चार-पाच वर्षांचा अनुभव गाठीशी बांधून होते.

२०११ मध्ये भारतात पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली. त्याच वर्षी फोर्स इंडिया संघाने ‘वन फ्रॉम अ बिलियन’ ही शोधमोहीम राबवली आणि तीतून अर्जुन मैनी, तरुण रेड्डी व जेहान यांची निवड केली. जेहानने २०१२ मध्ये केएफ-३ या ज्युनियर गटाचे आशिया-पॅसिफिक विजेतेपद पटकावले. २०१३ मध्ये ब्रिटनमधील राष्ट्रीय स्पर्धेत तो याच गटात विजेता ठरला. वर्षभर परक्या देशात, थंडी-पावसात, तेथल्याच मुलांना त्यांच्या ओळखीच्या ट्रॅकवर हरवून मिळवलेले हे यश होते. त्यानंतर आला एसेचा तो तिसरा क्रमांक.

२०१५ पासून तो मोटारींच्या शर्यतींकडे वळला. २०१९ मध्ये फॉर्म्युला थ्रीच्या जागतिक मालिकेत तिसरा आला. डिसेंबर २०२० मध्ये बहारीनमधील साखिर येथे फॉर्म्युला टूची शर्यत त्याने जिंकली. अशी शर्यत जिंकणारा तो पहिला भारतीय. जून २०२२ मध्ये सिल्व्हरस्टोन येथे मॅक्लारेनची फॉर्म्युला वन मोटार चालवून पाहण्याची संधीही त्याला मिळाली. परंतु तेव्हा वीसच जागा असलेल्या त्या खेळात त्याच्यासाठी जागा निघाली नाही. २०२४ मध्ये तो विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या फॉर्म्युला ई मालिकेत उतरला. मझेपिनच्या बाबतीत चित्र उलटे होते. त्याच्या वडिलांशी संबंधित कंपनी त्याच्या संघाची मुख्य पुरस्कर्ती होती आणि मार्च २०२२ मध्ये, युक्रेनवरील आक्रमणानंतर, करार व जागा दोन्ही एकदमच गेले.

आपल्याकडील ट्रॅक

भारतात या खेळाचे नियमन फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया ही संस्था करते आणि राष्ट्रीय स्पर्धेसाठी तिचा परवाना लागतो. महाराष्ट्राच्या दृष्टीने कोल्हापूरचा उल्लेख आवश्यक आहे. कुस्ती आणि फुटबॉलच्या या गावात मोहिते रेसिंग अकादमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत. बंगळुरूतील मेको कार्टोपिया आणि चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई येथील मद्रास इंटरनॅशनल कार्ट अरेना ही आणखी काही ठळक ठिकाणे. मात्र स्पर्धेतील कार्ट, इंजिन व सुटे भाग मुख्यतः परदेशातूनच येतात. देशात एका गटात उतरणारी मुलेही युरोपच्या तुलनेत थोडी. आघाडीवर एकटे पळण्याची सवय लागलेल्या मुलाला तिकडे तीसजणांच्या घोळक्यात पहिल्याच वळणावर कोपर लावून शिरावे लागते. ती विद्या घरच्या ट्रॅकवर मिळत नाही.

मुलाला या वाटेवर आणू इच्छिणाऱ्या पालकांनी म्हणून पहिल्याच दिवशी कार्ट खरेदी करू नये. भाड्याच्या कार्टवर, मग एखाद्या अकादमीत एक हंगाम काढावा. मुलाला वेगाचे आकर्षण आहे की तोच वळणाचा कोपरा दिवसभरात शंभर वेळा घेण्याची चिकाटी आहे, हे तेवढ्यात कळते. शाळेशी आधीच बोलून घ्यावे आणि खर्चाची मर्यादा घरात उघडपणे ठरवावी.

कार्टिंग सुरू करणाऱ्या मुलांपैकी जवळजवळ कोणीच फॉर्म्युला वनपर्यंत जात नाही. जागतिक स्पर्धेत तिसरा आलेला मुंबईचा मुलगाही गेला नाही. तरीही पंधराव्या वर्षी, आपल्याहून चार-पाच वर्षे आधी सुरुवात केलेल्या मुलांबरोबर तो त्या चौथऱ्यावर उभा होता. उशिरा निघालेला भारतीय मुलगा तेथवर पोहोचू शकतो, हे एसेने दाखवले. तो वेळेवर निघाला आणि सोबतीला भक्कम आधार असला तर कोठवर जाईल, याचे उत्तर मात्र अजून मिळायचे आहे.