उपग्रहाची साक्ष आणि जमिनीवरचा दिवा

१/७
दिवाळी आली की भारताचे एक रंगीत उपग्रहचित्र फिरू लागते. ते दिवाळीचे नाही. त्यातील पांढरे ठिपके १९९२ पूर्वीच्या दिव्यांचे. निळे, हिरवे व तांबडे अनुक्रमे १९९२, १९९८ आणि २००३ मध्ये दिसू लागलेल्या दिव्यांचे. ते एका रात्रीचे चित्र नसून दशकभराचा इतिहास आहे. पण हा इतिहास कितपत विश्वसनीय?

२/७
अशी चित्रे अमेरिकी लष्कराच्या हवामान-उपग्रहांनी टिपली. त्यांवरील ‘ओएलएस’ हा संवेदक चांदण्यातील ढग पाहण्यासाठी घडवलेला. शहरांचे दिवे त्यात ओघाने आले. ढग नीट दिसावेत म्हणून त्याची संवेदनक्षमता सतत बदलली जाई. तो बदल चित्रासोबत नोंदवला जात नसे.

३/७
उजळपणाची नोंद ० ते ६३ अंकांत होई. महानगरांचे मध्यभाग ६३ वरच थांबत. उपग्रह बदलला की तेच शहर निराळा अंक दाखवी. म्हणून अंक वाढला यावरून शहर वाढले, असे म्हणता येत नाही.

४/७
२००९ मध्ये ख्रिस्तोफर एल्विज आणि सहकाऱ्यांनी सिसिली बेट आधाराला घेतले. तेथील प्रकाश फारसा बदलला नाही असे धरून, ‘एफ-१२’ उपग्रहाच्या १९९९ च्या चित्राशी इतर वर्षे जुळवली. हे माप मात्र सापेक्षच होते.

५/७
दुसरा मार्ग २०१४ च्या एका शोधनिबंधात आहे. शीर्षकात चक्क अल्लादीनचा जादूचा दिवा! संशोधकांनी काळोख्या जागी सोडियमचे शक्तिशाली दिवे लावले. दिव्याचा प्रकाश आधीच ठाऊक, भोवती अंधार. वातावरणात होणारी घट हिशेबात धरली की संवेदकाचा अंक नेमका किती प्रकाशाचा, हे कळते.

६/७
२०११ मध्ये गेलेल्या ‘व्हीआयआयआरएस’ संवेदकाला यानावरच मापनाची सोय आहे. तरी त्याला सुमारे ५०० ते ९०० नॅनोमीटरचाच प्रकाश दिसतो. पांढऱ्या एलईडीतील निळा भाग त्याच्या नजरेतून निसटतो. सोडियमचे दिवे जाऊन एलईडी आले, तर रस्ता तितकाच उजळ असूनही चित्रात मंद भासू शकतो.

७/७
बखर वाचताना ती कोणी, कधी, कशासाठी लिहिली, हे आपण विचारतो. उपग्रहचित्रही साधनच आहे. त्यालाही हेच प्रश्न विचारावेत, आणि आणखी एक: याचा प्रकाश कोणत्या मापाने मोजला? त्याचे उत्तर मिळेपर्यंत दोन वर्षांची चित्रे शेजारी ठेवून विकासाची वा ऱ्हासाची कथा सांगू नये.