सुट्या भागांची मोटार

सुट्या भागांचा ढीग नेमका कधी मोटार होतो, हा प्रश्न प्लास्टिकची मॉडेले जोडणाऱ्या माझ्यासारख्या हौशी माणसाला पडतो, तसा तो सीमाशुल्क खात्यालाही पडतो. सप्टेंबर 2024 मध्ये या खात्याने स्कोडा ऑटो फोक्सवॅगन इंडिया या कंपनीला सुमारे 1.4 अब्ज डॉलरची नोटीस बजावली. जवळजवळ पूर्ण मोटारी सुट्या करून वेगवेगळ्या खेपांतून आणल्या आणि त्यांवर सुट्या भागांचे कमी शुल्क भरले, असे खात्याचे म्हणणे. कंपनीला ते मान्य नाही. ती मुंबई उच्च न्यायालयात गेली. निवाडा न्यायालयाचा. पण वादातल्या अनेक मोटारी आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या पूर्वेला, शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत जोडल्या जातात. म्हणून या प्रश्नामागचा इतिहास शोधावासा वाटला. त्या शोधाची सुरुवात मी टेबलावरच्या एका खोक्यापासून केली.

खोक्यात टामिया या जपानी कंपनीची पोर्श 911 टर्बो आहे. प्रमाण 1/24, म्हणजे सव्वाचार मीटरहून जराशी लांब मोटार इथे सुमारे 18 सेंटिमीटरची होते. झाकण उघडले की मोटार दिसत नाही. दिसतात त्या प्लास्टिकच्या चौकटी आणि त्यांना लगडलेली चाके, आसने, आरसे. वितळलेले पॉलिस्टायरीन ज्या वाटांनी पोलादी साच्यात शिरले, त्या वाटाच थिजून या चौकटी झालेल्या असतात. भागांवर साच्याच्या दोन अर्ध्यांच्या सांध्याची बारीक रेघ असते आणि भाग साच्याबाहेर ढकलणाऱ्या पिनांचे गोल ठसे असतात. जोडणारा ते सारे पॉलिश पेपरने घासून घालवतो. ज्याला सिमेंट म्हणतात, तोही खरे तर गोंद नव्हे. तो पॉलिस्टायरीन विरघळवतो आणि दोन भाग एकजीव करतो. सांधा पुसला जातो, ठसे पुसले जातात, आणि आपण म्हणतो, मी मोटार केली. खरे तर केली साच्याने. आपण फक्त जोडली.

अशा किटांचा जन्मच जुळणीचा खर्च वाचवण्यातून झाला. निकोलस कोव्ह या हंगेरीतून आलेल्या माणसाने 1939 मध्ये लंडनला एअरफिक्स कंपनी काढली. सुरुवातीला ती हवा भरायची रबरी खेळणी करी, पुढे प्लास्टिकचे कंगवे. 1949 मध्ये फर्ग्युसन ट्रॅक्टरच्या विक्रेत्यांसाठी तिने छोटा ट्रॅक्टर केला. तो कारखान्यात जोडण्याचे काम किचकट ठरले, तेव्हा सुटेच भाग खोक्यात घालून विकायला काढले. 1952 मध्ये गोल्डन हाइंड हे जहाज वूलवर्थच्या दुकानांतून विकले जाऊ लागले आणि धंद्याने बाळसे धरले. यातली मेख अशी, की जुळणी ज्याच्या गळ्यात घालता येईल त्याच्या गळ्यात घालावी आणि साचा मात्र स्वतःजवळ ठेवावा, हे कारखानदाराला तेव्हाच उमगले होते.

टामियाची कथा हेच दुसऱ्या बाजूने सांगते. 1946 मध्ये शिझुओका शहरात ही कंपनी लाकडाचा धंदा म्हणून सुरू झाली. 1960 मध्ये तिने प्लास्टिकची पहिली युद्धनौका, यामातो, काढली; स्पर्धकाच्या स्वस्त यामातोपुढे ती पडली. नव्या साच्यासाठी पैसा नव्हता. तेव्हा खेळण्यांच्या वापरलेल्या साच्यांतून एक चिमुकली रेसिंग कार काढली आणि तिने कंपनीला हात दिला. उसन्या साच्यावर माणूस तगतो, एवढे यातून दिसते. पण टामिया तिथे थांबली नाही. 1976 च्या 1/12 प्रमाणातल्या पोर्श 934 च्या तयारीत शुन्साकु टामिया यांनी खरी पोर्श 911 विकत घेतली, सुटी केली आणि मोजली. ती पुन्हा जोडायला मात्र पोर्शच्या माहीतगारांना बोलवावे लागले.

मोजूनही काम संपत नाही. खऱ्या मोटारीचा पत्रा एक मिलिमीटरहून पातळ असतो; 1/24 ने भागला तर तो साच्यात उतरणारच नाही. मॉडेलची भिंत साधारण एक मिलिमीटर ठेवावी लागते, म्हणजे मूळ मापात ती 24 मिलिमीटर जाड ठरते. काय बारीक करायचे, काय जाड ठेवायचे, कुठे उतार द्यायचा म्हणजे भाग साच्यातून सुटेल, हे निर्णय साचा करणारा घेतो. ते माहितीपत्रकात छापलेले नसतात.

भारतात साचे बाहेरून आले. 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात कोलकात्यात निकी टॉइज या नावाने धातूच्या छोट्या मोटारी निघत, जग्वार ई-टाइपसुद्धा. त्यांच्या डाय इंग्लंडातल्या डिंकी टॉइजच्या होत्या. मोठ्यांच्या दुनियेतही तेच: अँबेसेडर ही मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, मुंबईची प्रीमियर पद्मिनी ही मूळची फियाट 1100.

आमच्या शहराचा इतिहास याच चष्म्यातून पाहिला की त्याचे दोन भाग पडतात. पश्चिमेला वाळूज. बजाजने आधी इटलीच्या पियाजिओच्या परवान्यावर व्हेस्पा केली. 1971 मध्ये परवाना संपला. 1972 मध्ये चेतक आली. त्यावरून पियाजिओने पुढे परदेशांत खटलेही भरले. वाद काहीही असो, साचा आता इथला होता. 1985 मध्ये बजाजचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि त्याच्या आधाराने भाग करणारे उभे राहिले: एन्ड्युरन्सने ॲल्युमिनियमच्या डाय-कास्टिंगपासून सुरुवात केली, व्हेरॉकने 1990 मध्ये प्लास्टिकच्या भागांपासून. इंजेक्शन मोल्डिंगचे जे यंत्र माझी पोर्श काढते, त्याच जातीची यंत्रे तिथे स्कूटर-मोटारसायकलचे भाग काढू लागली.

पूर्वेला शेंद्रा. तिथे नोव्हेंबर 2001 मध्ये स्कोडा ऑक्टाव्हिया बाहेर पडली आणि 2007 पासून ऑडी. या मोटारी किटच्या रूपात का आल्या, याचे उत्तर कराच्या कोष्टकात आहे. 2011 च्या अर्थसंकल्पात किट कशाला म्हणायचे याची व्याख्याच झाली: इंजिन आणि गिअरबॉक्स आधीच जुळवलेले असतील तर दर चढा. 2018 मध्ये सर्व भाग सुटे असलेल्या किटवर 15 टक्के, इंजिन-गिअरबॉक्स जुळवून आणलेल्या किटवर 30 टक्के आणि तयार महागड्या मोटारीवर 100 टक्के सीमाशुल्क होते. म्हणजे मोटार किती सुटी करायची, हे अभियंत्याइतकेच कोष्टकानेही ठरवले. या धोरणामागे आशा होती, की जोडणारे हात हळूहळू करू लागतील. वाळूजला हे घडले, कारण परवाना संपल्यावर करण्यावाचून गत्यंतर नव्हते. शेंद्र्याच्या किटांवर तशी वेळ आली नाही.

जुळणीला मी कमी लेखत नाही. शेंद्र्याने शेकडो घरांना पगार दिला, हातांना शिस्त दिली. पण किट हा जिना आहे की ओटा, हे जोडणाऱ्याच्या कौशल्यावर ठरत नाही. कोणी तो भाग उलटून मोजतो का, त्याचा साचा कोरायला पैसा आणि धीर पुरवतो का, यावर ठरते.

आणि साचा कोरणारे या शहरात आहेत. चिकलठाण्यात भारत-जर्मनी सहकार्यातून उभे राहिलेले इंडो-जर्मन टूल रूम आहे. तिथे मुले पोलादात मायक्रॉनच्या हिशेबाने काम करायला शिकतात. वाळूजला प्लास्टिक भरणारी यंत्रे आहेत, शेंद्र्याला जोडणारे हात आहेत. या तिन्हींच्या मधोमध राहणाऱ्या माझ्या कपाटात पोर्श आहे, जग्वार आहे, बेंटले आहे. चेतक नाही.